'द हस्लर' (१९६१) : साराचा भाग रेंगाळतो, की तोच खरा सिनेमा आहे?

उन्हाळी_पाऊस

गेल्या रविवारी बाबांना 'द हस्लर' दाखवला. बाबा ७४ वर्षांचे. तरुणपणी लालबागच्या चाळीत, गॅलरीच्या टोकाला दिव्याखाली बोर्ड मांडून रात्र रात्र कॅरम खेळलेले. पूल (हिरव्या टेबलावर काठीने बॉल पॉकेटात टाकायचा खेळ) त्यांनी आयुष्यात पाहिला नव्हता, तरी पहिल्या दहा मिनिटांत ते खुर्चीच्या कडेला येऊन बसले.

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात (पुढे कथा उघड होते, तेव्हा जपून). 'फास्ट' एडी फेल्सन (पॉल न्यूमन) हा गावोगाव फिरून, आपल्याला खेळता येत नाही असं भासवून, पैजा जिंकणारा पोरगा. त्याला देशातला सर्वांत मोठा खेळाडू मिनेसोटा फॅट्स (जॅकी ग्लीसन) याला हरवायचंय. पंचवीस तासांहून जास्त चाललेल्या पहिल्या सामन्यात तो एका क्षणी १८,००० डॉलरनी पुढे असतो. पण उठत नाही, थांबत नाही, आणि शेवटी २०० डॉलर घेऊन जमिनीवर पडतो. मग त्याला सारा (पायपर लॉरी) भेटते. एका पायाने लंगडणारी, दारू पिणारी, एकटी. आणि मग बर्ट गॉर्डन (जॉर्ज सी. स्कॉट), जो खेळाडूंवर पैसे लावतो आणि माणसं विकत घेतो.

सारा पडद्यावर आली आणि बाबा चहा टाकायला उठले. सिनेमा संपल्यावर म्हणाले, "ती मधली बाई नसती तर दीड तासात आटोपला असता. खेळ बाकी एक नंबर."

मी वाद घातला. माझ्या मते सारा नसेल तर शेवटच्या सामन्याला काही अर्थच उरत नाही. पण नंतर बघितलं तर १९६१ साली समीक्षकांचीही थोडीफार बाबांसारखीच तक्रार होती! म्हणून इथे विचारतेय. तुम्हाला काय वाटतं?

कट_टू_कॉर्नर

तुझ्या बाबांना माझा नमस्कार सांग. मी त्यांच्या बाजूचा. पहिला सामना म्हणजे सिनेमात खेळ कसा दाखवावा याची शाळा आहे. त्यानंतर बसस्टँड, खोली, दारू, पुन्हा खोली. मी दोनदा पाहिला आणि दोन्ही वेळा मधे घड्याळाकडे लक्ष गेलं. २ तास १४ मिनिटं आहे. त्यातली २५ सहज निघाली असती.

मृदुला_के

कट, पूर्ण असहमत! तो बसस्टँडवरचा प्रसंग पुन्हा बघा. पहाटेची वेळ, उपाहारगृह जवळजवळ रिकामं. दोन वेगळ्या टेबलांवर दोन माणसं, आणि दोघांनाही कुठलीच बस पकडायची नाहीये. एडीला बसल्या बसल्या झोप लागते. जागा होतो तेव्हा ती गेलेली असते आणि त्याच्या कॉफीचे पैसे तिने देऊन टाकलेले असतात.

आता बघा, त्याआधीच्या पाऊण तासात या माणसाभोवती सगळ्यांनी फक्त पैजा लावल्यात. त्याच्यासाठी स्वतःच्या खिशातून, परत काही न मागता पैसे देणारी ही पहिली व्यक्ती. कॉफीचे का होईना! हे रेंगाळणं नाही. यालाच पटकथा म्हणतात.

अवधूत_नाशिक

मृदुला, +१००. कॉफीचं माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

जुनी_रिळं

समीक्षकांचा विषय निघालाच आहे तर नीट मांडतो, कारण हा सिनेमा तेव्हा सगळ्यांनी डोक्यावर घेतला असा एक समज आहे.

'न्यूयॉर्क टाइम्स'च्या बॉस्ली क्राउदर यांना सिनेमा आवडला होता, पण कथा थोडी भरकटते आणि एडी-साराचं प्रेम ओढूनताणून आल्यासारखं वाटतं, असं त्यांचं म्हणणं होतं. 'व्हरायटी' या सिनेव्यवसायाच्या नियतकालिकाने नटांची तारीफ केली, पण लांबीबद्दल आणि एकंदर काळवंडलेल्या वातावरणाबद्दल नाराजी होती. स्टॅनली कॉफमन यांनीही अभिनेत्यांना भरभरून दाद दिली आणि पटकथेला मात्र धारेवर धरलं. पूल खेळण्याच्या जागेला उगाच भयाण आणि गुन्हेगारी रंग दिलाय, अर्थ नसलेल्या ठिकाणी अर्थ कोंबलाय, असा त्यांचा सूर होता. म्हणजे उन्हाळी_पाऊस, तुझे बाबा चांगल्या पंगतीत आहेत.

ऑस्करला ९ नामांकनं मिळाली. न्यूमन, लॉरी, ग्लीसन, स्कॉट असे चौघेही नट त्यात होते, आणि चौघांपैकी एकालाही मिळालं नाही! पुरस्कार मिळाले दोनच, कृष्णधवल छायाचित्रण आणि कृष्णधवल कलादिग्दर्शन. उत्कृष्ट चित्रपट त्या वर्षी 'वेस्ट साइड स्टोरी'. ब्रिटनच्या बाफ्टा पुरस्कारांत मात्र न्यूमनला उत्कृष्ट परदेशी अभिनेत्याचा पुरस्कार मिळाला, आणि उत्कृष्ट चित्रपटाचा मान 'बॅलड ऑफ अ सोल्जर'बरोबर वाटून मिळाला. स्कॉटने तर नामांकनच नाकारलं होतं. पुढे 'पॅटन' या सिनेमासाठी ऑस्कर मिळालं तेव्हा तेही घेतलं नाही.

मत बदलत गेलं ते नंतर. रॉजर ईबर्ट यांनी कित्येक वर्षांनी आपल्या थोर चित्रपटांच्या मालिकेत याला घेतलं. नायक स्वप्न सोडून वास्तव स्वीकारतो आणि त्यातूनच जिंकतो, असे सिनेमे फार थोडे, हा त्यांचा मुद्दा मला सर्वांत पटलेला. १९९७ साली तो अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहयादीत गेला.

खडू_आणि_क्यू

मी पुण्यात बिलियर्ड्स-स्नूकर खेळतो. सामना नीट कळावा म्हणून चार ओळी.

सिनेमात खेळतात तो 'स्ट्रेट पूल'. पंधरा बॉल, कुठलाही बॉल कुठल्याही पॉकेटात घाला, पण मारण्याआधी बॉल आणि पॉकेट दोन्ही बोलून दाखवायचं. एका बॉलला एक गुण. चौदा गेले की पंधरावा टेबलावर तसाच ठेवून बाकीचे चौदा पुन्हा रचतात आणि तोच खेळाडू पुढे खेळत राहतो. म्हणजे चुकेपर्यंत समोरच्याने खुर्चीवर बसून बघायचं. इथेच सिनेमाचं सगळं नाट्य आहे. फॅट्स खेळत असताना एडीला करण्यासारखं काहीच नसतं! दारू पिणं आणि बोलणं, एवढंच. फॅट्स मात्र बसलेला असताना गप्प बसून राहू शकतो.

फटके खरे आहेत. तांत्रिक सल्लागार होते विली मॉस्कोनी, १९४१ ते १९५७ या काळात १५ वेळा जगज्जेते. १९५४ साली ओहायोतल्या स्प्रिंगफिल्डला त्यांनी एका प्रदर्शनी सामन्यात सलग ५२६ बॉल टाकले होते. न्यूमनला त्यांनीच शिकवलं, आणि अवघड फटक्यांत दिसणारे हातही बरेचसे त्यांचेच. पैजेचे पैसे सांभाळणारा माणूस म्हणून ते स्वतः पडद्यावर दिसतातही. ग्लीसन आधीपासून चांगला खेळायचा, त्यामुळे त्याचे फटके कॅमेरा न कापता दाखवता आले.

जाता जाता, आपल्याकडचा पहिला वैयक्तिक जगज्जेता याच हिरव्या टेबलावरचा. पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स, १९५८, जागतिक हौशी बिलियर्ड्स अजिंक्यपद. किती मराठी माणसांना हे माहीत आहे?

अवधूत_नाशिक

मला नव्हतं. धन्यवाद!

सातारकर_बंडू

खडू, बसून बघण्याचा मुद्दा जबरदस्त. कॅरमला अगदी हेच होतं. समोरच्याने 'ब्रेक टू फिनिश' मारला की तुमचा स्ट्रायकर हातातच राहतो आणि सगळी चाळ तुमचं तोंड बघत असते.

पैजेचं म्हणाल तर, माझे मामा हेच करायचे. सांगायला अभिमान नाही, पण झालं ते असं. जत्रेच्या गावात जायचे, पहिले दोन बोर्ड मुद्दाम हरायचे. स्ट्रायकर अंगठ्याने मारायचे, नवशिक्यासारखा. क्वीन घेऊन कव्हर सोडायचे. लोक हसायचे. तिसऱ्या बोर्डाला पैसे वाढले की बोट बदलायचं. त्याला ते 'बकरा उभा करणं' म्हणत.

सिनेमाच्या सुरुवातीला एडी बारमध्ये दारू प्यायल्याचं सोंग करून अशक्य फटका एकदा मारून दाखवतो, मग परत मारताना चुकतो, आणि शेवटी बारवालाच आपणहून पैज घेतो. तो प्रसंग बघताना मला मामा दिसले. तोच तो मूर्खासारखा हसरा चेहरा! मी त्या वेळी दहा वर्षांचा होतो आणि मामा म्हणजे माझा देव होता. एकदा मात्र एका गावात लोकांनी ओळखलं. त्यानंतर मामाची तर्जनी कधी सरळ झाली नाही. सिनेमात पुढे असेच फसलेले लोक एडीचे अंगठे मोडतात तेव्हा कॅमेरा काचेमागे राहतो, फक्त ओरडणं ऐकू येतं. मी तिथे सिनेमा थांबवला होता. पुढचा भाग दुसऱ्या दिवशी पाहिला.

मृदुला_के

बंडू, वाचून पोटात कालवलं. मामा नंतर खेळले का?

सातारकर_बंडू

खेळले. मधल्या बोटाने. पण पैशावर नाही. मुलांना शिकवायचे.

निशिगंध

मी वेगळी बाजू मांडते, राग मानू नका.

साराचा भाग लांब आहे ही माझी तक्रार नाही. मला तो सिनेमातला सर्वांत चांगला लिहिलेला भाग वाटतो. माझी तक्रार तिच्या मरणाबद्दल आहे. बर्ट एडीला पैजेवर खेळायला लुइव्हिल शहरात नेतो, तिथे तो साराला पद्धतशीर चिरडतो आणि ती स्नानगृहात जीव देते. आरशावर ओठांच्या लालीने स्वतःबद्दल लिहून जाते. मग एडी शहाणा होतो, परत येतो, जिंकतो. म्हणजे पुरुषाला 'चारित्र्य' यावं म्हणून बाईने मरायचं? वॉल्टर टेव्हिसच्या मूळ कादंबरीत (१९५९) सारा मरत नाही. हा बदल दिग्दर्शक रॉबर्ट रॉसेन आणि सहलेखक सिडनी कॅरोल यांचा. म्हणजे मुद्दाम केलेला.

मला हे पटत नाही. साराला घर आहे, कॉलेज आहे, ती लिहिते. एडीला भेटण्याआधी ती जगतच होती की! तिला नुसती किंमत म्हणून वापरलं.

उन्हाळी_पाऊस

निशिगंध, राग कसला, हा मुद्दा यायलाच हवा होता. मी यावर दोन दिवस विचार केला.

मला वाटतं सिनेमा तिच्या मरणाचा फायदा एडीला घेऊ देत नाही. शेवटी तो फॅट्सला सरळ हरवतो, पण त्या खोलीत आनंद कुणाच्याच चेहऱ्यावर नाही. तो बर्टला पैसे द्यायला नकार देतो आणि तिचं नाव घेऊन बोलतो. आपणही तिच्या मरणात सामील होतो, हे तो सगळ्यांसमोर म्हणतो. त्याची शिक्षा म्हणून मोठ्या टेबलांवरून कायमचा हद्दपार होतो. ज्या गोष्टीसाठी सगळं केलं तीच हातातून जाते. याला मी विजय म्हणणार नाही.

पण तू म्हणतेस तेही खरं आहे, की ती किंमत तिने मोजली आणि सिनेमाचा शेवट त्याच्यावर झाला. हे मला नाकारता येत नाही.

निशिगंध

एवढं मान्य केलंस, पुष्कळ झालं. पायपर लॉरी मात्र त्या भूमिकेत काय दिसलीय! आणि त्यानंतर ती जवळजवळ १५ वर्षं सिनेमापासून लांब राहिली, थेट 'कॅरी' (१९७६) पर्यंत. एवढी मोठी नटी.

जुनी_रिळं

निशिगंधच्या 'हा बदल मुद्दाम केलेला' यावर थोडं.

रॉसेन स्वतः तरुणपणी पैशावर पूल खेळलेले, त्या जगावर त्यांनी आधी नाटकही लिहिलं होतं. पण दुसरी गोष्ट मोठी आहे. अमेरिकन संसदेच्या समितीने चालवलेल्या हॉलिवूडमधल्या कम्युनिस्टांच्या चौकशीत १९५१ साली त्यांनी इतरांची नावं सांगायला नकार दिला आणि काम बंद झालं. १९५३ साली पुन्हा समितीसमोर गेले आणि पन्नासहून अधिक सहकाऱ्यांची नावं दिली. काम परत मिळालं.

आता बर्ट गॉर्डनकडे बघा. तो म्हणतो, तुझ्यात गुण आहेत, पण खेळायचं असेल तर माझ्या पैशावर, माझ्या अटींवर. ७५ टक्के त्याचे. एडी ते मान्य करतो आणि त्याची किंमत तिसरंच माणूस मोजतं. हे लिहिणाऱ्याच्या मनात काय होतं ते मी सांगू शकत नाही, पण हे ठाऊक झाल्यापासून मला तो शेवटचा नकार वेगळाच ऐकू येतो. स्वतःच्या हातून जे झालं नाही ते एडीकडून करून घेतल्यासारखा.

रॉसेन १९६६ साली गेले. यानंतर एकच सिनेमा केला.

कट_टू_कॉर्नर

हे मला अजिबात माहीत नव्हतं. परत बघावा लागणार.

परसातला_पारिजात

ग्लीसनबद्दल कुणीच का बोलत नाहीये? अमेरिकन प्रेक्षक त्याला टीव्हीवरचा विनोदी नट म्हणून ओळखायचे, आरडाओरडा करणारा. आणि इथे तो जवळजवळ बोलतच नाही. कोटाला फूल, बोटांत अंगठ्या, आणि एवढ्या देहाला कुठेही जडपणा नाही. पहाटे सगळे गळालेले असताना तो आत जाऊन हात-तोंड धुतो, हाताला पावडर लावतो, कोट घालतो आणि नुकताच आल्यासारखा येऊन उभा राहतो. एडी तिथेच हरलेला आहे. बॉलला अजून हात लागलेला नाही!

खडू_आणि_क्यू

आणि त्या नावावरून झालेली गंमत. फॅट्स हे काल्पनिक पात्र. पण सिनेमा चालल्यावर रुडॉल्फ वाँडरोन नावाचा खराखुरा पूलवाला पुढे आला, 'तो मीच' म्हणाला, आणि मिनेसोटा फॅट्स या नावानेच जन्मभर वावरला. टेव्हिस नाही नाही म्हणत राहिले. १९७८ साली टीव्हीवर त्याचा मॉस्कोनींशी सामना झाला. मॉस्कोनी जिंकले.

अवधूत_नाशिक

म्हणजे सिनेमातला फॅट्स हरला आणि सिनेमाबाहेरचाही हरला. नाव बदलून बघायला हवं होतं त्याने. :)

ओंजळ_न्यूजर्सी

मी गेली २२ वर्षं इथे न्यू जर्सीत आहे, आणि दर गुरुवारी आमच्या गावच्या पूल लीगमध्ये खेळते. (आईला अजून 'बायका तिथे जातात का' हा प्रश्न पडतो.) इथल्या प्रेक्षकांचं सांगते.

आमच्या लीगमधले साठी-सत्तरीचे लोक या सिनेमाबद्दल बोलतात ते एखाद्या नातेवाइकाबद्दल बोलावं तसं. पन्नासच्या दशकात पूलच्या जागा ओस पडत चालल्या होत्या आणि या सिनेमाने त्यांत माणसं परत आणली. आमच्यातले एक आजोबा सांगतात, त्यांनी सिनेमा पाहिला आणि दुसऱ्या दिवशी शाळा बुडवून क्यू (खेळायची काठी) हातात घेतला. १९८६ साली याच एडीची पुढची गोष्ट सांगणारा 'द कलर ऑफ मनी' आला तेव्हा पुन्हा तीच लाट. तोवर खेळ बदलला होता, त्यात नाइन-बॉल हा पूलचाच दुसरा प्रकार आहे. स्ट्रेट पूल आता आमच्याकडे फक्त ते आजोबा खेळतात, एकटेच, सगळे गेल्यावर.

मूळ प्रश्नाबद्दल. इथल्या खेळणाऱ्या मंडळींतही हीच दुफळी आहे. तरुण मुलं सामने तेवढे बघतात, मधलं पुढे ढकलतात. आजोबांना विचारलं तर ते सहलीचा प्रसंग सांगतात. एडीचे दोन्ही हात प्लास्टरमध्ये आहेत आणि तो गवतावर बसून साराला सांगतोय की सगळं जुळून येतं तेव्हा खेळताना कसं वाटतं. क्यूमध्येसुद्धा नसा असल्यासारखं. गवंड्यालाही तसं वाटू शकतं म्हणतो, विटा रचताना, काम मनासारखं होत असेल तर. आजोबा म्हणतात, पूल काय असतो ते त्या प्रसंगात आहे, आणि त्यात टेबलच नाही.

मृदुला_के

ओंजळ, मी इथे टाळ्या वाजवतेय.

सिनेवेडा_मिरज

'कलर ऑफ मनी'चा विषय निघाला म्हणून. न्यूमनला शेवटी ऑस्कर मिळालं ते त्याच एडीच्या भूमिकेसाठी, २५ वर्षांनी. पण दोन्ही शेजारी ठेवून बघा. दुसरा झगमगीत आहे, कॅमेरा बॉलबरोबर धावतो. पहिल्यात कॅमेरा माणसांकडे बघत बसतो. छायाचित्रकार ऑयगेन शुफ्टान जर्मनीतून आलेले, 'मेट्रोपोलिस' या जुन्या जर्मन मूकपटातल्या आरशांच्या करामती त्यांच्याच. इथे रुंद पडदा, काळा-पांढरा, टेबलासारखीच लांब चौकट. एका टोकाला खेळणारा, दुसऱ्या टोकाला बघणारा, मधे सगळा धूर. छायाचित्रणाच्या त्या ऑस्करवर कुणाची हरकत नसावी.

परसातला_पारिजात

मला 'कलर ऑफ मनी' जास्त आवडतो. मारा आता.

सिनेवेडा_मिरज

मारत नाही, एकदा सलग दोन्ही बघ आणि इथे येऊन लिही.

कट_टू_कॉर्नर

परत पाहिला, काल रात्री. या वेळी काहीच पुढे ढकललं नाही.

मृदुलाची कॉफी दिसली. ओंजळच्या आजोबांचा सहलीचा प्रसंग दिसला. त्यातली एक गोष्ट कुणी लिहिली नाहीये. एडीचं बोलणं झाल्यावर सारा म्हणते की तू हरणारा नाहीस. बर्टने त्याला जन्मजात हरणारा ठरवलेलं असतं आणि तो काटा त्याच्या मनात रुतून बसलेला आहे. हिने तो एका वाक्यात काढला. पुढे ती त्याला सांगते की माझं तुझ्यावर प्रेम आहे, आणि त्याला उलट तेवढे शब्द बोलता येत नाहीत. शेवटी बोलतो, ती नसताना, बर्टसमोर, टेबलाजवळ उभा राहून. पहिल्या दोन वेळी मी या दोन्ही जागा एकमेकींना जोडल्याच नव्हत्या, कारण पहिली मी घड्याळ बघत घालवली होती.

तरी एक हट्ट ठेवतो. लुइव्हिलची पार्टी लांब आहे. ती दहा मिनिटं काढा. बाकी २५ चा दावा मागे घेतो.

निशिगंध

लुइव्हिलमध्ये बर्ट साराच्या कानात काहीतरी सांगतो आणि आपल्याला ते ऐकू येत नाही. ती दहा मिनिटं काढलीत तर मी या धाग्यावर पुन्हा भांडायला येईन!

उन्हाळी_पाऊस

सगळ्यांचे मनापासून आभार. हा धागा काल बाबांना वाचून दाखवला. बंडूच्या मामांचं ऐकून बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, तो सहलीचा तुकडा परत लाव.

लावला. या वेळी उठले नाहीत. एडी बोलत होता आणि सारा ऐकत होती, आणि बाबांची मांडीवरची तर्जनी अंगठ्याला लागून टिचकीच्या पवित्र्यात आली होती. त्यांचं त्यांना कळतही नव्हतं.

प्रसंग संपल्यावर म्हणाले, "तुझ्या आईला कॅरममधलं काही कळायचं नाही. पण मी रात्री कितीही उशिरा आलो तरी ती जागी असायची, आणि पहिलं विचारायची, आज क्वीन कुणी घेतली? मग मी सगळा बोर्ड सांगायचो, सोंगटी न् सोंगटी. ती तांदूळ निवडत ऐकायची."

आई जाऊन सहा वर्षं झाली. हे मी पहिल्यांदाच ऐकलं. चहा टाकायला ते का उठले होते, ते मी विचारलं नाही.